अख्ख्या वर्गाला भोपळा

आमच्या सातवीला वाचन आणि गणिताच्या चाचणीत भोपळा मिळाला. एका-दोघांना नाही, अख्ख्या वर्गाला. मी मुख्याध्यापक असल्यामुळे केंद्रप्रमुख आप्पासाहेबांनी हा निकाल मला उभं करून वाचून दाखवला. नापास वर्ग मी पुष्कळ पाहिलेत, पण इतक्या एकमताने नापास झालेला वर्ग माझ्या नोकरीत पहिलाच.

पाथर्डीकडचं आमचं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. पोरंही आईबापांबरोबर जातात आणि परत येतात ती अक्षरं कारखान्यावर विसरून. म्हणून ही पोरं पाचवीत असताना प्रज्ञा मॅडमना आमच्या शाळेत कामगिरीवर पाठवलं. मॅडम मूळच्या मिरजगावच्या. अट अशी होती की ही पोरं सातवीच्या चाचणीत पास झाली, तर मॅडमना मिरजगावची शाळा परत मिळेल. नाही झाली, तर आणखी एक वर्ष इथेच.

मॅडमनी काम केलं, यात वाद नाही. पोरं उसाच्या फडावर असली की संध्याकाळी त्यांच्या आईबापांच्या मोबाईलवर फोन लावून एकेकाकडून धडा वाचून घ्यायच्या. गावात रेंज फक्त माझ्या ऑफिसच्या खिडकीत येते. त्यामुळे मॅडमचं होईपर्यंत मला कुलूप लावून घरी जाता येत नसे. पूजा नावाची मुलगी तर धाकट्या भावाला कडेवर घेऊन अपूर्णांक सांगायची, आणि भाऊ मध्येच भोकाड पसरायचा. हे सगळं मी चहाविना ऐकलेलं आहे.

चाचणीच्या आदल्या दिवशी आप्पासाहेब वर्गात आले आणि म्हणाले, "नीट लिहा रे. तुम्ही पास झालात की तुमच्या मॅडम सुटल्या." पोरांना हुरूप येईल असं त्यांना वाटलं होतं.

निकालानंतर त्यांचं मत पडलं की मॅडमनी इतकी वर्षं काही शिकवलेलंच नाही. मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक बघत बसल्या. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते.

"सर," त्या मला म्हणाल्या, "डोळे मिटून खुणा केल्या तरी थोडंफार बरोबर येतंच. एकजात सगळं चुकवायचं, तर आधी सगळं यावं लागतं."

मी स्वतः गणित शिकवतो, पण हे मला सुचलं नव्हतं. आप्पासाहेबांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग ते म्हणाले, असं असेल तर शुक्रवारी मीच समोर बसून चाचणी घेतो.

मॅडम वर्गात गेल्या, मागोमाग मीही. त्यांनी विचारलं, हे कुणी ठरवलं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. पूजा उभी राहिली.

"आमी समद्यांनी. आमी पास झालो की तुमी जानार. मग दिवाळीनंतर फोन कोन लावनार?"

मॅडमना राग आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तो फार टिकला नाही.

"माझी मुलगी पहिलीत आहे," त्या म्हणाल्या. "विशाखा. आजीपाशी राहते. मी तिला रविवारी भेटते. तिला अजून अक्षरं लागत नाहीत, आणि तिला शिकवायला मी तिथे नाही."

पूजाने थोडा विचार केला. "मग तिला आदी शिकवा," म्हणाली आणि खाली बसली. बाकीच्यांनी माना डोलावल्या, म्हणजे ठरलं.

शुक्रवारी गणित सगळ्यांचं बरोबर आलं. हर्षलचं एक उदाहरण चुकलं, पण ते खरंच चुकलं होतं. मग आप्पासाहेबांनी उतारा वाचायला एकेकाला पुढे बोलावलं. मॅडम दारापाशी उभ्या होत्या. शेवटी पूजा आली. तिने स्वच्छ वाचलं, कुठेही अडखळली नाही.

"बास. उत्तीर्ण," आप्पासाहेब म्हणाले.

पूजाने कागद खाली ठेवला नाही. उताऱ्याखालचे प्रश्न वाचले. त्याखालच्या सूचना वाचल्या. नाव सुवाच्य अक्षरात लिहावे, पेन्सिल वापरू नये. आवाज तितकाच स्पष्ट होता, वेग मात्र कमी होत चालला होता. आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी पोरांना गप्प करणं हे माझंच काम. पण ती वाचत होती तोवर मॅडम आमच्या होत्या, आणि मलाही त्या जायला नको होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अगदी तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही तिने वाचलं. मग कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. ती तिथे बघत उभी राहिली.

मॅडम पुढे आल्या आणि कागद तिच्या हातातून घेतला. "झालं, पूजा," म्हणाल्या.

आता दिवाळी होऊन गेली. मॅडम मिरजगावला आहेत. संध्याकाळी मी ऑफिसच्या खिडकीत उभा राहतो आणि एकेक फोन लावतो. पूजाचा नंबर शेवटी. पलीकडे तिचा भाऊ रडत असतो. ती फार सावकाश वाचते, आणि मी तिला घाई करत नाही.