नुकरीला किती वेळ सोडायचं?

मित्रांनो, उदगीरच्या जुन्या तळ्याच्या बांधाला लागून एक अंगण आहे. तिथं कधी आलात तर जरा खाली बघून चाला, कारण अंगणाच्या मधोमध मी आहे. बाभळीचा खुंटा. मार खाऊन खाऊन माझं डोकं चपटं झालं आहे, कडी गंजली आहे, पण पाय अजून जमिनीत घट्ट आहेत. मला ठेचकाळून आजवर कितीतरी माणसांनी शिव्या दिल्या. उपटून टाकायची धमकी तर दर दिवाळीला मिळते. मी मनावर घेत नाही.

देवणीच्या वाटेवर एक बाभूळ होती, तिच्या बुंध्यातून मी निघालो. सुताराने मला तासलं, वाळवी लागू नये म्हणून टोक विस्तवावर भाजलं आणि वरच्या बाजूला लोखंडी कडी ठोकली. मग घराचे मालक मडिवाळप्पांनी घणाचे घाव घालून मला इथं गाडलं. सुरुवातीला माझ्याकडे एक देवणी वळू होता. एकदा त्याने सगळा जीव लावून मला ओढलं. मी तसूभर हललो नाही. तेव्हा मडिवाळप्पा म्हणाले होते, "खुंटा हाय का पहाड!" एवढी स्तुती पुन्हा कुणी केली नाही, म्हणून तीच मी जपून ठेवली आहे.

मडिवाळप्पा गेले आणि त्यांचा मुलगा वीरण्णा कारभारी झाला. त्याने माळेगावच्या जत्रेतून एक पांढरीशुभ्र घोडी आणली, लोकांच्या लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायला. तिचं नाव नुकरी. त्याच वर्षी वीरण्णाचं लग्न झालं आणि महानंदा या घरात आली. दोघीही नव्या, दोघीही बिचकलेल्या. पहिले काही दिवस त्या एकमेकींकडे बघून धीर धरत होत्या, असं मला तरी वाटतं.

नुकरीचं तोंड अगाडीच्या दोराने माझ्या कडीला आणि मागचा एक पाय पिछाडीच्या दोराने मागच्या लहान मेखेला बांधलेला असे. वीरण्णाने तिला ताशावर नाचायला शिकवलं. पुढचे पाय तालात उचलायचे, मान मुरडायची, आणि नवरदेव मात्र जराही हलू द्यायचा नाही. शिकवायला तो सहा महिने राबला, पण तिला चाबूक कधी लावला नाही. वीरण्णा हट्टी होता, वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा राग येण्यासारखं घडतं.

लातूर जिल्हा नवा झाला ते नुकरीचे ऐन भराचे दिवस. त्या वर्षी जो तो मिरवणूक काढायचा आणि पुढे पांढरी घोडी पाहिजेच म्हणायचा. नुकरीला उसंत नव्हती. काम नसेल त्या दिवशी महानंदा तिला सकाळ-संध्याकाळ तळ्यावर पाणी पाजायला न्यायची. नुकरी घोटाभर पाण्यात उभी राहायची, काठच्या मातीत लोळायची, पलीकडच्या गाढवांकडे टक लावून बघायची. परत यायला दोन-दोन तास लागायचे.

"एवढा वेळ? तळं पिऊन आली का ही?" वीरण्णा हसून विचारायचा.

महानंदा पदराने तोंड पुसायची आणि कामाला लागायची. त्या फेरीला सगळे पाणी पाजणंच म्हणायचे. त्यात आणखी काही होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही तसाच गेला. तळं आधी चिखल झालं, मग भेगाळलेली जमीन झालं. पाणी टँकरने येऊ लागलं आणि नुकरीची बादली थेट माझ्याजवळ ठेवली जाऊ लागली. तळ्यावर जायचं कारणच उरलं नाही. लग्नंही कमी झाली. वीरण्णाने विचार केला की कडबा मोजका आहे, घोडी हिंडली तर तिला भूक लागेल, भूक लागली तर ती वाळेल. त्यापेक्षा उभी राहिलेली बरी. मायेपोटीच केला त्याने हा विचार. आणि नुकरी दिवसरात्र माझ्यापाशी उभी राहिली.

खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला होता. घोडी पूर्णवेळ माझी! मला काय ठाऊक?

दीड-दोन महिन्यांनी नुकरी डोलू लागली. मान डावीकडे, मान उजवीकडे. भार या पायावर, भार त्या पायावर. वीरण्णाने बघितलं आणि त्याने सगळं घर गोळा केलं.

"बघा, बघा! ताशा न्हाई, बाजा न्हाई, तरी नाचून राहिली! हिच्या अंगातच हाय नाच!"

लोक बघायला येऊ लागले. वीरण्णाची आई गौरम्मा मोठी भाविक बाई. तिने घोडीच्या कपाळाला विभूती लावली आणि शिवाचीच कृपा म्हणाली. देगलूरहून ईश्वरप्पा नावाचे एक व्यापारी आले आणि "माझ्या मुलाच्या वरातीला हीच घोडी," असं सांगून गेले. घरात कौतुकाला नुसता ऊत आला होता.

मला मात्र तो नाच कडीतून कळत होता. डावीकडे हिसका, उजवीकडे हिसका. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. शिकताना नुसत्या अगाडीवर ताशाच्या तालात नाचणारी नुकरी मला माहीत होती. तिचा दोर मध्येच थांबायचा, मध्येच खट्याळपणे ओढ घ्यायचा. या हिसक्यांत काहीच खट्याळ नव्हतं. वळूने मला हलवलं नव्हतं, पण या रोजच्या हिसक्यांनी माझ्या बुडाची माती सैल झाली. मी पहिल्यांदा घाबरलो.

महानंदाच्याही मनाला ते पटत नव्हतं. एकदा ती भांडी घासता घासता थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, नाचताना ती कान टवकारती. आता कान बघा तिचे."

"कानाचं काय घेऊन बसलीस!"

"पाय बी सुजलेत मागचे. अन् अंगणात कुणी नसलं तरी डोलती. मी दाराआडून बघितलं."

वीरण्णाने हात झटकला. महानंदा वाद घालणारी बाई नव्हती. तिने पदर खोचला आणि टांगा स्टँडवर जाऊन भुजंगमामांना घेऊन आली. भुजंगमामा म्हणजे कोवळ्या वयात निजामाच्या रिसाल्यात घोड्यांना खरारा केलेला माणूस. आता सत्तरीला आले होते आणि टांगेवाल्यांना फुकट सल्ले देत बसायचे. त्यांनी नुकरीला हात लावला नाही. लांब भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"किती दिस झाले हे?"

"तळं आटलं तवापासून, मामा," महानंदा म्हणाली.

"पोरी, ही नाचून न्हाई राहिली. ही चालून राहिली. जायला जागा न्हाई, म्हणून जागच्या जागी चालून राहिली."

गौरम्माचा हात विभूतीच्या डबीवर तसाच राहिला. आणि मी? इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला, ते घट्ट धरून ठेवणं मला त्या क्षणी नकोसं झालं.

वीरण्णा मात्र इतक्यात हार मानणारा नव्हता. "मामा, माळावर काडी न्हाई. सोडली तर खाईल काय? माती?"

"तू रोज सकाळी चौकात जातोस, ते खायला जातोस का?"

"च्या प्यायला जातो," गौरम्माने परस्पर सांगून टाकलं. महानंदाला हसू आवरेना.

वीरण्णाही ओशाळून हसला. "बरं. सोडू एक घंटा."

"एका घंट्यात तर तिला खरं बी वाटायचं न्हाई, का आपण सुटलो म्हणून," भुजंगमामा म्हणाले. "अर्धा दिस तरी पायजे."

"अर्धा दिस! अन् पाय मोडून घेतला मंजे? ईश्वरप्पाला शब्द दिलाय मी."

एक म्हणे घंटा, दुसरा म्हणे अर्धा दिवस. शेवटी महानंदा मध्ये पडली. "तुमी ठरवू नका, मामांनी बी ठरवू नये. तिलाच ठरवू द्या. तळं रिकामंच हाय. तिन्ही अंगाला बांध हाय, चौथ्या अंगाला काट्याची कुपाटी करू. आपल्या अंगणाकडची वाट उघडी ठेवू. आठ दिस सोडून बघू. कवा परत येती ते ध्यानात घेऊ."

आमचं अंगण उंचावर आहे, इथून तळ्याचा तळ सगळा दिसतो. दुसऱ्या दिवशी महानंदाने दोन्ही दोर सोडले आणि नुकरीला खाली नेऊन मोकळं केलं. मला वाटलं, आता उधळेल. नुकरी जागची हललीच नाही. मग ती चालली, पण कशी? मी मधोमध असल्यासारखी, अगाडीचा दोर जेवढा लांब तेवढ्याच अंतरात, गोल गोल. मोकळ्या तळ्यात, दोराशिवाय, नुकरी माझ्याच भोवती फिरत होती आणि मी तर इथं वर होतो. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही, ते त्या दिवशी बरं झालं.

"झालं? तिलाच नको हाय," वीरण्णा म्हणाला.

महानंदा बांधावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्या दिवशीही. तिने एक युक्ती केली. रोजचाच कडबा, मूठभरही जास्त नाही, पण तो लांब लांब छोट्या ढिगांत टाकला. एक ढीग संपला की नुकरीला दुसऱ्याकडे चालावं लागे. चौथ्या दिवशी ती एका ढिगाजवळ गुडघे टेकून खाली बसली, चारी पाय वर करून धुळीत मनसोक्त लोळली, उठून अंग झाडलं आणि पळत सुटली. पांढरी घोडी मातकट झाली होती. बांधापर्यंत जाऊन वळली, पुन्हा पळाली. भुजंगमामा काठी आपटून आपटून हसत होते. वीरण्णा दारात उभा होता. त्याचा चहा कपातच गार झाला.

ऊन चढलं आणि माझी सावली अगदी पायाशी आली, तेव्हा नुकरी आपणहून वाट चढून अंगणात आली आणि बादलीत तोंड घातलं. पाचव्या दिवशी त्याच वेळी आली. सहाव्या दिवशीही आली. उन्हं कलली की मात्र तळ्याकडे तोंड करून खिंकाळायची. आठव्या दिवशी महानंदाने निकाल सांगितला. सकाळचं ऊन खुंट्यावर पडलं की सोडायची, सावली खुंट्याच्या पायाशी आली की घ्यायची. उन्हं कलली की पुन्हा सोडायची, ती दिवे लागेपर्यंत.

"मंजे सहा-सात घंटे!" वीरण्णाने कपाळाला हात लावला. "अन् वरात असंल त्या दिशी? तवा हिंडणं होतंच की."

"वरातीत लगाम असतोय तोंडात. ते काम झालं," महानंदा म्हणाली. "त्या दिशी बी सकाळचं सोडायचंच."

अशा रीतीने मी त्या घरचं घड्याळ झालो. ज्याने बांधून ठेवायचं त्याच्याच सावलीवर सुटायची वेळ ठरली. ही बढती मला मानवली.

महिनाभरात पायांची सूज उतरली. डोलणंही कमी होत गेलं. अगदी गेलं नाही. बादली यायला उशीर झाला तर पुढेही दोन-चार झोके घ्यायची. पण आता वीरण्णा सारखा तिच्या मानेकडे बघत बसायचा. ईश्वरप्पांची वरात तोंडावर आली होती आणि त्यांनी बघितलेला नाच तर तोच होता, मान डावीकडे, मान उजवीकडे.

"नाच विसरली ही," वरातीच्या दिवशी पहाटे तो महानंदाला म्हणाला. "सांगून ठेवतो, आज नाचली न्हाई, तर उद्यापासून दोर. मग मामा न्हाई, तळं न्हाई, काई न्हाई."

महानंदाचा चेहरा उतरला. पण तिने सकाळी ठरल्या वेळेला नुकरीला सोडलंच.

दुपारनंतर बाजावाले अंगणात आले. आमच्याकडे घोडी घरातून निघताना पहिला ताशा तिच्याच दारात वाजतो. लग्न उदगीरमध्येच होतं, म्हणून ईश्वरप्पाही घोडी न्यायला स्वतः आले होते. नुकरीच्या पाठीवर झूल पडली, कपाळावर तुरा बांधला गेला, गौरम्माने विभूती लावली. ताशा कडाडला. नुकरी उभी. कान ताठ, डोळे ताशाकडे, पण पाय जमिनीला चिकटलेले. ईश्वरप्पांनी वीरण्णाकडे बघितलं. वीरण्णाने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला कळलं. उद्यापासून ही पुन्हा तुझी, असं ते म्हणत होतं.

नको, मित्रांनो. मला ती नको होती.

तेवढ्यात महानंदा पुढे आली. "अवो, बांधूनच ठेवली की तिला! सजवायच्या घाईत दोर सोडायचा राहिला!" तिने वाकून माझ्या कडीतली गाठ सोडली, पायातली पिछाडीही काढली.

दोर खाली पडला. नुकरीने एकदा फुरफुर केलं. मग उजवा पाय छातीपर्यंत उचलून तालावर टेकवला. मग डावा. मान मुरडली, एक गिरकी घेतली, ताशेवाल्याच्या अगदी तोंडासमोर जाऊन थबकली, आणि त्याने ठोका चुकवला तशी स्वतःच पाय आपटून त्याला ताल दिला! ताशेवाला चेकाळला. गौरम्मा टाळ्या पिटू लागली. ईश्वरप्पा ओरडले, "अरे, त्या दिशी बघितलं ते काईच न्हवतं!"

नुकरी नाचत नाचत फाटकाबाहेर गेली. वीरण्णा मागे राहिला. त्याने जमिनीवरचा दोर उचलला, हातात घोळवला आणि महानंदाकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी तू निज. मी सोडतो तिला."

आणि त्याने सोडलं. त्या दिवसापासून नुकरी थकेपर्यंत, रोज. पाऊस परत आला, तळं भरलं, तेव्हा त्याने तिच्यासाठी बांधापलीकडचं रान कुंपण घालून राखलं.

मित्रांनो, मी खुंटा आहे. जनावर बांधणं हे माझं कामच आहे आणि ते काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या दारात कुणी बांधलेलं असेल, घोडा असो, गाय असो की कुत्रं, तर आज त्याला किती वेळ सोडलं होतं एवढं घरात विचारा. किती सोडायचं ते ठाऊक नसेल तर आठ दिवस मोकळं सोडून बांधावर बसा. पहिल्या दिवशी ते जागचं हललं नाही तर त्यालाच नको आहे, असं म्हणून उठू मात्र नका.