मिश्रीचा तवा

वजन एक किलो सहाशे ग्रॅम.

तपकिरी चिकटपट्टी, रुंद, खोक्यांना लावतात ती.

तंबाखू, बिडी, गुटखा : नाही. गरोदरपणाच्या कार्डावर चार वेळा, चार वेगळ्या शाईंत.

भिंतीपलीकडे शेजारच्या किंजलचा ठसका.

मिश्रीचा तवा वेगळा ठेवायचा. त्यावर भाकरी करायची नाही.

बोईसरच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत मुलगी आहे. बारा दिवसांची. दीपाला ती अजून मांडीवर मिळालेली नाही. एका पाहणीसाठी तिची पहिली शी तपासायला नेली होती. आज कागद आला.

"बाळात तंबाखूचा अंश सापडलाय," स्नेहा सिस्टर म्हणते. "दीपा, खरं सांग."

"मी नाय खात."

नवरा, कमलेश, कागद उलटा धरून उभा. "मी हिच्यापायी बिडी सोडली. कंपनीत पोरं हसली, बोलली, दिवस तुलाच गेलेत काय. आणि तू चोरून लावायचीस?"

"आईंना इचारा."

सासू, सुलूबाई, पदरानं ओठ पुसतात. दात काळे.

"खोटं नाय बोलनार. पोरीनं बोट पन लावलं नाय. मलाच बोलायची, आई, सोडा आता. मी बोलली, मंग दात कोळशानं घासू?"

"मिश्री विकत आणता?" सिस्टर विचारते.

"विकतची माती लागते. एक दिसाआड ताजी भाजायची."

"कोण भाजतं?"

सुलूबाई पेटीकडे बघतात.

"मीच," दीपा म्हणते. "आईंना दम लागतो. तंबाखू काळी होईस्तोवर परतायची. अर्धा तास."

"कुठे?"

"खोलीत."

"दार?"

"लावून. किंजलला ठसका लागतो ना."

सिस्टर खुर्चीवर बसते.

"तो धूर तुझ्या रक्तात जातो. तिथून नाळेतून तिच्यात. त्यातली कॅन्सर करणारी विषंसुद्धा. तोंडात घातली नाहीस तरी."

"खातेस का, इचारलं तुमी. भाजतेस का, कुनी इचारलं नाय."

सिस्टर कार्ड उघडते. तिसरी शाई तिची आहे. कार्ड मिटते.

"तिला कॅन्सर होईल का?" दीपा विचारते.

"वजन कमी आहे, ते दिसतंय. बाकीचं आज सांगता येत नाही."

"आज नाय, मंग कधी?"

पेटीतल्या मुलीचं पोट वर, खाली. वर. थांबतं. खाली.

सुलूबाई कमरेची डबी काढतात, कचऱ्याच्या बादलीशी जातात, उभ्या राहतात. डबी परत कमरेला.

कमलेशला दोष द्यायला अजून कोणीतरी हवंय. "खिडकी तरी उघडायचीस! एवढी अक्कल नाय?"

दीपा बारा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघते.

खिडकीच्या सगळ्या फटी कमलेशनं चौथ्या महिन्यात चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या, कारखान्यांचा वास बाळाला लागू नये म्हणून.