दीड पौंडाचं खोटं

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी माझ्यावर कधी उभं राहिलं असेल असं वाटत नाही. रॉचडेल गावात कापड गिरण्यांच्या मागे, एका चांभाराच्या दुकानावर बॉक्सिंगची तालीम आहे. तिच्या खिडकीखाली उभा असलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. लोखंडी पाट, उंच खांब आणि वर पितळेची दांडी. वय विचारू नका. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून माझ्यासोबत निघालेली भावंडं केव्हाच भंगारात गेली.

माझी पहिली वीस वर्षं रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेली. पेट्या, पोती, शर्यतीच्या कबुतरांच्या करंड्या, जे येईल ते मी तोललं. मग आल्बर्ट क्लेगने मला हातगाडीवर घालून इथे आणलं. आल्बर्ट हा या तालमीचा वस्ताद. पोट सुटलेला, तोंडाने फटकळ, पण हात मायेचा. त्याने जमिनीवर खडूने चार खुणा करून माझे पाय त्यात बसवले आणि सगळ्यांना दम भरला, "याला कुणी हलवलं तर गाठ माझ्याशी आहे!" तेव्हापासून मी पार्सलं सोडून माणसं तोलू लागलो.

बॉक्सर लोक माझ्यासमोर फार गमती करतात. कुणी मोजे काढतो, कुणी केस कापून येतो, कुणी श्वास सोडून उभा राहतो. अरे बाबांनो, हवेला असं कितीसं वजन असणार! आल्बर्ट मात्र शांतपणे दांडीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा आणि आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे शेवटचा शब्द. "हा काटा माझ्याशी एकदाही खोटं बोललेला नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. ऐकून मला बरं वाटायचं.

माझी एक गोष्ट मात्र आधीच नीट समजून घ्या. माझ्या दांडीच्या टोकाला एक लहानसं लोखंडी वजन टांगतात. हातात घेतलं तर मोठ्या कांद्याएवढं भरेल. पण टांगलं की ते दहा स्टोनांच्या, म्हणजे एकशेचाळीस पौंडांच्या, गड्याला तोलून धरतं. म्हणून त्या वजनाला चिमूटभर काही चिकटलं, तरी वर उभा असलेला माणूस आहे त्याहून हलका भरतो.

आता जेफ हॉवर्थबद्दल सांगतो. जेफ बेकरीच्या पावाची गाडी चालवायचा आणि संध्याकाळी इथे घाम गाळायचा. सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्यावर उभा राहिला आणि चौतिसाव्या वर्षी त्याला ब्रिटनच्या वेल्टरवेट या वजनगटातल्या अजिंक्यपदाची लढत मिळाली. समोर होता डेस पिकल्स, डोंगरापलीकडच्या हॅलिफॅक्सचा खाटीक. आमचा परगणा लँकेशायर आणि त्यांचा यॉर्कशायर, त्यामुळे आधीच विस्तव जात नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी डेसने जेफला अर्ध्या गुणाने हरवलं होतं. आमच्याकडे गुण देणारा पंच एकटाच असतो. तोच पंधराव्या फेरीनंतर चालत जातो आणि जिंकणाऱ्याचा हात वर करतो. त्या वेळी तो जेफकडे यायला निघालाय असं वाटलं आणि मध्येच वळला, असं आल्बर्ट अजून सांगतो. चौतिसाव्या वर्षी हरलेल्याला पुन्हा कोण बोलावणार? जेफसाठी ही शेवटची संधी होती.

वेल्टरवेटला साडेदहा स्टोनांवर एक पौंडही चालत नाही. लढतीच्या दिवशी दुपारी एक वाजता सगळ्यांसमोर वजन होतं. जास्त भरलं तर तासाभराची मुदत मिळते. तेवढ्यात उतरवलं नाही, तर अजिंक्यपदाचा पट्टा विसरा. जेफ त्या वेळी दीड पौंड वर अडकला होता. उकडलेला कोबी आणि घोटभर पाणी यावर जगत होता, पण आकडा काही हलेना.

लढतीच्या आठवड्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता. आल्बर्टला हुरूप आला. त्याने रिंगचे खांब रंगवले, दार रंगवलं आणि शेवटी माझ्याकडे वळला. "आता तुझी पाळी, म्हाताऱ्या. जगाला दिसू दे तू कसा राजबिंडा आहेस." मला त्याने डाळिंबी रंग दिला, कडेने सोनेरी रेघ ओढली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. पण हौसेच्या भरात त्याने ते टांगायचं छोटं वजनही रंगवलं. एक हात, दुसरा हात, तिसरा हात. वजनाच्या बुडाशी एक खोलगट खाच असते. तिच्यात रंग साचला आणि तसाच वाळला.

दुसऱ्या दिवशी जेफ माझ्यावर चढला आणि बरोबर साडेदहा भरला!

"बघ!" आल्बर्ट ओरडला. "म्हटलं नव्हतं, उतरेल म्हणून? आता बास. दोन दिवस उड्या नकोत, घाम नको. नुसती झोप काढ."

मग आल्बर्टने स्वतःही चढून पाहिलं. तोही नेहमीपेक्षा कमी भरला. खुशीत पोटावर हात फिरवत तो बायकोला दाखवायला घरी गेला. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? मला एकच भाषा येते, दांडीची, आणि तीच बिघडली होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, इथे झालेल्या बोलण्यावरून सांगतो. मँचेस्टरला बॉक्सिंग मंडळाच्या काट्यावर जेफ साडेदहाच्या वर दीड पौंड भरला. डेसची माणसं हसली. आल्बर्टचा चेहरा पांढरा पडला. तासभर जेफ दोन ओव्हरकोट घालून बॉयलरच्या खोलीत दोरीवर उड्या मारत राहिला. तीन मिनिटं उरली असताना तो पुन्हा चढला आणि कसाबसा साडेदहात बसला. अंगातलं सगळं पाणी तिथेच गेलं. तरी गडी पंधरा फेऱ्या उभा राहिला, दहाव्या फेरीपर्यंत पुढेही होता. मग पाय जड झाले. पंच चालत गेला तो डेसकडे. पुन्हा अर्धा गुण.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेफ तालमीत आला. एक डोळा पूर्ण मिटलेला.

"काय खाल्लंस?" आल्बर्टने विचारलं.

"काही नाही, बॉस."

"दिवसभर गरम पावाच्या गाडीत बसतोस. एखादं खिमा पॅटिस? अर्धं? खरं सांग, मी रागावणार नाही."

"बायकोची, मॉरीनची शपथ, काही खाल्लं नाही. काटा चुकला असेल."

"काटा?" आल्बर्टचा आवाज चढला. "तीस वर्षं हा माझ्याशी खोटं बोलला नाही! चोरून खातोस ते खातोस, वर याच्यावर ढकलतोस?"

जेफ वळला. त्याने खुंटीवरचे ग्लोव्ह्ज घेतले नाहीत, तसाच जिना उतरून गेला. अठरा वर्षं रोज ऐकलेली ती पावलं होती. मी लोखंडाचा आहे म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी मोडून पडलो असतो.

दहा दिवसांनी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. दारात खुद्द डेस पिकल्स! नाकावर पट्टी, हातात जेफचा रेशमी झगा.

"घाबरू नका, मिस्टर क्लेग, मारायला आलो नाही. गडबडीत हा माझ्या पिशवीत आला. हॉवर्थ कुठे आहे?"

"येत नाही तो," आल्बर्ट म्हणाला. "माझ्यापाठीमागे पोट भरत होता. त्याचं फळ मिळालं."

डेसने मान हलवली. "पोट भरलेला माणूस असा ठोसा मारत नाही. माझ्या बरगड्यांना विचारा." बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. जवळ येऊन त्याने ते छोटं वजन काढलं, तळहातावर उलटं केलं. मग तो हसू लागला. "वजनाला रंग दिलाय! कुठल्या गाढवाने दिला हो हा? माझ्या दुकानात असं केलं असतं तर वजनमापाच्या तपासनीसाने मला कोर्टात उभं केलं असतं!"

आल्बर्ट हसला नाही. त्याच्याकडे बघून डेसचंही हसू थांबलं.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. मग झगा खुंटीला अडकवून दारात थांबला. "त्याला सांगा, मी पुन्हा लढायला तयार आहे. असा जिंकलेला पट्टा घालून हॅलिफॅक्समध्ये फिरायची मला लाज वाटेल."

आल्बर्ट ते वजन खिशात घालून थेट जेफच्या घरी गेला. वजन म्हणजे मीच की, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं. मॉरीनने, म्हणजे जेफच्या बायकोने, दार अर्धवटच उघडलं. ती बाजूला होईपर्यंत आल्बर्ट टोपी हातात घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला. मग आत जाऊन त्याने वजन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"रंग मी दिला, पोरा. तू खोटं बोलला नाहीस. काटाही नाही. गाढव मी आहे."

जेफने पाव कापायची सुरी घेतली आणि खाचेतला रंग खरवडून वर्तमानपत्रावर काढला. चिमूटभर डाळिंबी चुरा. दोघंही त्याच्याकडे बघत बसले.

"पट्टा गेला त्याचं दुःख आहेच, बॉस," जेफ म्हणाला. "पण तुम्ही मला चोर म्हणालात. सोळाव्या वर्षापासून ओळखता मला."

आल्बर्ट रडला. टेबलाशी बसून, नाक ओढत रडला. मॉरीनने त्याच्यासमोर चहा ठेवला.

डेस शब्दाला जागला. सहा महिन्यांनी लढत ठरली. त्या सकाळी जेफ माझ्यापाशी आला, तेव्हा आल्बर्ट माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. टकटक नाही, काही नाही.

"तू सांग, किती?"

"साडेदहा," जेफ म्हणाला.

"मग साडेदहा. चल, गाडी खाली उभी आहे."

जेफ तरीही चढला, माझा मान राखायला. बरोबर साडेदहा भरला. बघायला आल्बर्ट थांबला नव्हता.

त्या लढतीत जेफ हरला. या खेपेला चांगला दोन गुणांनी. दुसऱ्या दिवशी आल्बर्टने स्वतः त्याच्या हातात गरमागरम खिमा पॅटिस दिलं आणि त्याला ओव्हरकोटासकट माझ्यावर उभं केलं. तो अकरा स्टोनांच्या वर गेला आणि अख्खी तालीम खदाखदा हसली.

आता आल्बर्ट नाही. तालीम जेफ चालवतो. माझ्या पाटावरचा डाळिंबी रंग पोपडे धरून उडाला आहे, पण ते छोटं वजन उघडंच असतं. जेफ त्याला दर सोमवारी तेलाचं फडकं लावतो आणि वर्षातून एकदा तपासून आणतो. मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्यासाठी एवढंच करा. नटवू नका, तपासत राहा. आणि आमचं म्हणणं ऐका, पण आमच्या भरवशावर घरच्या माणसाला चोर ठरवू नका.

माझ्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला जेफ आधी थांबवतो. दांडीकडे न बघता, त्याच्या डोळ्यांत बघून विचारतो, "तू सांग, किती?"