तिथलला पोचेपर्यंत

स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज धर्मशाळेच्या निजलेल्या खोलीत घुमला आणि सुंदराचा हात थबकला. पण बाहेर ओसरीवर जेठाची, थोरल्या दिराची, चादर सळसळलीच.

"पदर पुढे ले. भिकन जागा व्हई गया," सासू धुरपदाबाई कुजबुजल्या.

पदर हनुवटीपर्यंत आला. सुनेनं जेठाला तोंड दाखवायचं नाही, ही खान्देशातली रीत सुरतेत लिंबायतच्या दीड खोलीतही सुटली नव्हती, मग दमणला कशी सुटणार?

दिवाळीत सुरतचे कापडाचे लूम बंद होते. भिकन ज्या शेठची मॅटाडोर चालवायचा त्याने ती दोन दिवस दिली, म्हणून तो आई, धाकटा भाऊ कुंदन, त्याची बायको सुंदरा आणि छोटी हर्षदा यांना घेऊन निघाला होता. दमण, उदवाडा, मग तिथलचा किनारा. वाटेल तिथे थांबायचं, घाई नाही. सुंदराने समुद्र कधी पाहिला नव्हता. साड्यांवर टिकल्या चिकटवताना महिनाभर तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

"दमनले ईसनबी चहाच का, भाऊ?" समोरच्या दारूच्या दुकानाकडे बघत कुंदन हसला.

"तुन्हा तोंडले चटका देसू!" धुरपदाबाई म्हणाल्या.

सकाळी सगळे किल्ल्याच्या तटावर गेले तेव्हा भरती होती. लाटा खाली भिंतीवर आपटत होत्या आणि हर्षदा नाचत होती, "मम्मी, केवडो मोटो दरियो!" सुंदराला दिसत होत्या दगडांमधल्या फटी आणि पुढे जेठाच्या चपला.

"मी जरा पुढं जाऊ, आत्याबाई?"

"भिकन उभा शे ना तठे. मांगे ऱ्हाय."

गाडीतही सुटका नव्हती. ड्रायव्हरचा आरसा नेमका तिच्या तोंडावर यायचा. उदवाड्यात पारशांच्या जुन्या घरांच्या तिला पायऱ्या तेवढ्या दिसल्या. पुढच्या रस्त्यावर भिकनने एकदा आरशात पाहिलं. पदर डोळ्यांपाशी ओला झाला होता.

तिथलला त्याने गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाला, "कुंदन, चाल, चहा पी लेऊत."

"आत्तेच तर पिनूत, भाऊ!"

"चाल म्हनस ना!"

भावाला दंडाला धरून तो टपरीवर गेला आणि समुद्राकडे पाठ करून बाकावर बसला. धुरपदाबाईंनी ती पाठ पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. "जाय," त्या म्हणाल्या. "लवकर ये."

हर्षदाचा हात धरून सुंदरा पळत सुटली. सुरूची झाडं ओलांडल्यावर तिने पदर डोक्यावरूनच खाली टाकला. वारा थेट कपाळाला लागला. तिने मान वर केली.

नजर पोचेल तिथवर काळा चिखल पसरला होता. एक होडी कलंडून पडली होती. ओहोटीने पाणी इतकं मागे नेलं होतं की आभाळ कुठे संपतं तेही कळत नव्हतं. ती चिखलात शिरली, घोट्यापर्यंत रुतली, तरी चालत राहिली. मागे गाडीचा हॉर्न वाजला.

हर्षदाने तिची साडी ओढली.

"मम्मी, सकाळी तर समुद्र होता ना? मग आपण आलो म्हणून गेला का तो?"