सात खंडेनवम्यांचं पाणी

अंबरनाथच्या त्या केमिकल कंपनीत खंडेनवमीला स्टीलच्या मोठ्या टाकीला न्हाऊ घालायची रीत टाक्या तपासणाऱ्या हिरामणनंच पाडली. टाकी अजून गरम असायची. त्याच्या बहिणीचा, जिवलीचा नवरा चांगो बोअरचं खारट पाणी मारायचा. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि ओल्या अंगावरच परत उबेचं जाड वेष्टन. जसं बाळंतिणीचं लेकरू.

सातव्या वर्षी, एक्याण्णवच्या दसऱ्यानंतर, हिरामणनं तपासणीसाठी वेष्टन सोडलं. वेल्डिंगच्या सांध्यावर लाल रंग फासला, पुसला, वर पांढरी पूड मारली. बघता बघता पांढऱ्यावर लाल उमटलं. केसाहून बारीक, फांद्या फुटलेली चीर. हिरामणला उमगलं. वेष्टनाआड कोंडलेलं खारं पाणी, टाकीची ऊब आणि सांध्यातला ताण. तिघांनी मिळून पोलाद चिरलं होतं. माया करता करता आपणच विष पाजलं.

मॅनेजरनं जाडी मोजायचं मीटर लावलं. "आठ मिलिमीटर होती, आठच आहे. झिजलंय कुठं?"

"साहेब, हे झिजत नाही. जाडी भरते आणि आतून फाटतं. टाकी बंद करा."

"दिवाळीनंतर बघू. आत्ता ऑर्डर आहे."

"मग मी चीर रिपोर्टात लिहितो."

"लिही की! कारणही लिही. पाणी कोण मारायचं? तुझा दाजीच ना? उद्या तो गेटबाहेर."

हिरामणनं 'ठीक' लिहून सही केली.

संध्याकाळी चांगोला म्हणाला, "दाजी, टाकीखाली जास्त थांबू नका."

"का रं? अंगावर पडंल का काय?" चांगो हसला. "माझा व्हॉल्व्हच तिथं हाय. घरी बसून पगार देतोस का?"

तोंडाशी आलेलं हिरामणनं गिळलं. सांगितलं तर हा भडक माथ्याचा माणूस मॅनेजरच्या अंगावर जाईल, नोकरी घालवील. दिवाळीपर्यंत तर निभेल!

नरक चतुर्दशीच्या आदल्या दुपारी सांधा उघडला. उकळतं रसायन चांगोच्या तोंडावर आलं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, डोळे गेले. मॅनेजर येऊन सगळ्यांना हिरामणच्या सहीचा कागद दाखवून गेला.

जिवली ना रडली, ना ओरडली. एवढंच विचारलं, "दादा, तुला चीर दिसली व्हती?"

"दिसली होती, बाय. त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून..."

"ऱ्हायली का?" ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या तोंडाशी पाण्याचा चमचा नेला.