बाळाबाई सुधारल्या

उचगावात बाळाबाईंचा आवाज ही गल्लीची सोय होती. टोकाला गेलेल्या म्हशी एका हाकेत माघारी फिरत, आणि म्हशींबरोबर एखाददुसरा नवराही. त्या आवाजाचा सगळ्यात मोठा वाटा सून अनुजाच्या पदरात पडे, कारण ती चुलीच्या अंतरावर होती.

दिवाळीनंतर हा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग बारीक, आणि शेवटी त्यात दोनच शब्द उरले, "असू दे." भाजीत मीठ जास्त, असू दे. सून उशिरा उठली, असू दे. गल्ली चकित झाली, आणि घरात श्रेयाची वाटणी सुरू झाली. बाळाबाईंचे यजमान गणपतराव म्हणाले, आपण एकदा डोळे वटारले होते. ते वटारलेले कुणी पाहिले नव्हते. मुलगा सम्राट म्हणाला, मी तिला मोबाईलवर प्रवचनं पाठवायचो. शेजारच्या दोन सासवा तर, कुठला नेम धरलाय, हे विचारायला येऊन चहा पिऊन गेल्या.

वाटणीत अनुजाने तोंड घातलं नाही, तिला नफा थेट मिळत होता. पहाटेचं उठणं सकाळवर आलं. साडीच्या जागी ड्रेस आला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शाहूपुरीत पाण्याच्या पंपांच्या दुकानात हिशेब लिहायची नोकरी. कळंब्याच्या माहेरात बी.कॉम. होऊन आलेली ही पोरगी तीन वर्षं हा विषय जिभेवर घोळवत होती. एका दुपारी तिने जीव मुठीत धरून विचारलं, "आत्या, जाऊ का?" बाळाबाईंनी मान हलवली. एवढंच. पुढच्या सोमवारपासून अनुजा स्कुटीवर. माणसाला फुकटात काही मिळालं की ते कुठून आलं हे तो शोधायला जात नाही. अनुजाही गेली नाही.

तसं दिसत सगळंच होतं. भर एप्रिलमध्ये बाळाबाई स्वेटर घालून उन्हाला बसत. फणीत केसांचा झुबका येई. चेहरा सुजल्यासारखा भरला, तर बायका म्हणाल्या, सुख अंगाला लागलंय. गळ्याशी फुगवटा दिसे, त्यावर पदर होता.

मग डेअरीवर ते फॅटचं प्रकरण झालं. दूध घालायला गेलं की यंत्रावर फॅट किती लागते ते बघायचं आणि कमी लागली की भांडायचं, हा बाळाबाईंचा रोजचा नेम. त्या दिवशी रविवार होता, म्हणून किटली घेऊन अनुजाही बरोबर होती. डेअरीवरचा आदर्श म्हणाला, "काकी, आज पाच पॉइंट चार." बाळाबाईंच्या म्हशीची फॅट साताच्या खाली कधी आली नव्हती. रांगेतली माणसं भांडणाला जागा करून देत मागं सरकली. आदर्शनेही सवयीने खुर्ची मागं घेतली.

"असू दे," बाळाबाई म्हणाल्या.

आदर्श एवढा घाबरला की त्याने आपणहून परत नमुना लावला. सात पॉइंट दोन निघाली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बाळाबाईंना हात जोडले. अनुजा मात्र सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. राग गिळणारं माणूस तिला ओळखू येत होतं. हिला राग आलाच नव्हता. घरी परतताना बाळाबाई वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकल्या.

तिने सम्राटला सांगितलं की आत्यांच्या तपासण्या करून घेऊ. तो म्हणाला, आता कुठं ती सुधारलीय. तरी समाजमंदिरात तपासणीचं शिबिर होतं, तिथं रक्त दिलं. रिपोर्ट आला, थायरॉईडसकट सगळं नॉर्मल. गणपतराव तो कागद गल्लीभर दाखवत फिरले, जणू सुधारल्याचा सरकारी दाखला. आता अनुजा गप्प बसली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. ती दोन दिवस बसलीही. तिसऱ्या दिवशी बाळाबाई रिकामी बादली घेऊन गोठ्यात उभ्या दिसल्या. धार काढून झालीय का काढायची हाय, हे त्यांना आठवत नव्हतं. अनुजाने दुकानात सुट्टी सांगितली आणि सासूला मागं बसवून कोल्हापुरात डॉक्टर लीला मॅडमकडे नेलं.

मॅडमनी पाण्याचे घोट घ्यायला लावून गळ्याची गाठ चाचपली. मग बाळाबाईंना खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेमागे छोट्या हातोडीने टक्क केलं. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत आलं ते सासुरवाडीहून निघालेल्या जावयासारखं, रमत गमत.

"कागद म्हणतो ठीक आहे, पाय म्हणतोय नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाय," बाळाबाई म्हणाल्या.

हे खोटं नव्हतं. बाळाबाईंच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं आणि कडू. लेक संयोगिता मलकापूरहून धाडते ते सगळं खाऊ, मग त्यात केसांच्या गोळ्या का असेनात. लेकीच्या मायेला औषध कोण म्हणतं? त्या गोळ्या रोज दोन-दोन जात होत्या. अनुजाला ते माहीत होतं, आणि नेमकं तिथंच तिचं तोंड चिकटलं. ही बाई बरी झाली तर पहिली हाक कुणाला बसणार, ड्रेस कुणाचा जाणार आणि नोकरीचं काय होणार, याची बेरीज तिला बोटांवर न मोजताही जमत होती.

तपासणी कधीच संपली होती. बाळाबाई अजून खुर्चीवर गुडघे टेकून होत्या. उतरा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बाळाबाई कुणाच्या परवानगीची वाट बघतायत, हे दृश्य अनुजाने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते तिला बघवेना.

"मॅडम, केसांच्या गोळ्या घेतात," ती म्हणाली. "मोठ्या डब्यातल्या. रोज दोन."

मॅडमनी डब्याचा फोटो मागवला. गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर होतं. त्या म्हणाल्या, त्याने रक्त बिघडत नाही, पण काही यंत्रं फसतात आणि वाढलेला आकडा नॉर्मल दाखवतात. गोळ्या आठवडाभर बंद ठेवायच्या, मग परत तपासायचं, आणि या खेपेला अँटीबॉडीही.

"म्हंजे माझ्या लेकीनं मशीन फसवलं?" बाळाबाईंनी विचारलं, आणि त्या आवाजात कित्येक महिन्यांनी थोडा अभिमान होता.

दुसऱ्या रिपोर्टात थायरॉईडचा आकडा, टीएसएच, चार-पाचाच्या आत हवा तो साठाच्या वर निघाला. अँटीबॉडीही भरपूर. मॅडमनी सोपं करून सांगितलं. अंगाच्या राखणदारांनी गळ्यातल्या ग्रंथीलाच चोर समजून झोडपलंय. ती आता दमलीय, म्हणून सगळं अंग मंद. गोळी रोज, उपाशीपोटी, आणि चहा त्यानंतर तासाभराने.

घरी गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ती सुधारली न्हवती?"

"आजारी होत्या, मामा."

गणपतरावांनी दाराबाहेर डोकावून गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गोळी द्यायलाच पायजे व्हय?"

गोळी अनुजानेच दिली, रोज, स्वतःच्या हाताने. मॅडम महिन्या-दीड महिन्याने तपासून मात्रा वाढवत गेल्या. स्वेटर ट्रंकेत गेला, बांगड्या सैल झाल्या. श्रावणात एका सकाळी गल्लीच्या टोकाला गेलेल्या म्हशी अचानक वळल्या, आणि गणपतराव पेपरासह पानपट्टीवरून घरी आले.

हाक अनुजाला होती. ती स्कुटीची चावी घेऊन दारात उभी होती.

"ही सवारी रोज कुठं निघती? कुणाला इचारून?"

"तुम्हालाच, आत्या. तुम्ही मान हलवली."

"तवा मी घरात हुते का?" बाळाबाईंनी पदर खोचला. "साठ आकडा हुता माझा. साठ. तवाची मान धरायची न्हाय."

बाई गैरहजर असताना घेतलेली मंजुरी होती ती, आणि हे अनुजाला मॅडमच्या खोलीतच कळलं होतं. तिने चावी खाली ठेवली नाही, उलट आवाज चढवला. "मग आज आहात ना घरात? आज विचारते. जाऊ का?"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. या घरात बाळाबाईंपेक्षा वरच्या पट्टीत कुणी बोलल्याची नोंद नव्हती.

बाळाबाईंनी सुनेला खालून वर न्याहाळलं, बाजारात म्हैस न्याहाळतात तसं. "पाचला उठून दोन धारा काढायच्या. मग जा कुठं बी."

"सहाला. एकच धार."

"साडेपाच. आणि दोन."

"साडेपाच, एक. आणि ड्रेसबद्दल बोलायचं नाही."

"ड्रेसबद्दल मी बोलणारच की," बाळाबाई म्हणाल्या, "पर तू जा."

अनुजाने स्कुटी काढली. ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत बाळाबाई ड्रेसबद्दल बोलत होत्या, आणि शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.