नाकातलं वजन

मी एक जुनं विमान आहे. हसू नका, वीतभर का असेना, विमानच. शिकाऊ वैमानिकांना ज्यावर उडायला शिकवतात, त्या लष्करी विमानाची मी हुबेहूब प्रतिकृती. एकामागे एक दोन खुर्च्या : पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. पिवळा रंग, पंखांवर तांबडे पट्टे, शेपटीवर पांढऱ्या आकड्यांत सत्तेचाळीस. तुमच्या शाळेतल्या वाचनालयाबाहेर काचेचं कपाट आहे ना, त्यात करंडकांच्या आणि ढालींच्या मधोमध मी बसलेला असतो. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाकं चिकटवून मला बघता आणि बाई ओरडल्या की धूम ठोकता. तर मित्रांनो, आज जरा दम धरा. माझं नाक तुम्हाला रोज दिसतं, पण नाकात काय आहे ते दिसत नाही. ते एकदा सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म काही थाटामाटाचा नाही. रेझिन नावाचा चिकट द्रव रबरी साच्यात ओततात, तो थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो, आणि मग म्हणायचं झालं विमान! विमान कसलं, डोंबल! डावं अंग वेगळं, उजवं अंग वेगळं, पंख केळ्यासारखे वाकडे आणि अंगभर बुडबुड्यांची बारीक भोकं. असा मी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडलो.

टेबल होतं एका म्हाताऱ्या फिटरचं. फिटर म्हणजे विमानं खोलून दुरुस्त करणारा कारागीर. उभा जन्म त्यांनी लष्करी विमानतळावर, विमानं ठेवायच्या हँगरात काढला होता. तिथे त्यांना सगळे ‘मोजणी’ म्हणायचे. काम संपलं की हत्यारं मोजायची, पुन्हा मोजायची आणि घरी निघताना तिसऱ्यांदा मोजायची, ही त्यांची सवय. तुमच्या बाई त्यांना काका म्हणायच्या, म्हणून मीही काकाच म्हणतो.

काकांचा हात मात्र सोन्याचा. आधी मला साबणाच्या पाण्यात आंघोळ घातली, कारण साच्याचं तेल अंगावर राहिलं तर रंग धरत नाही. वाकडे पंख गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ केले. करवतीने जास्तीचे तुकडे कापले, भोकांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली, पॉलिश पेपरने घासलं. नाकाला फडकं बांधून तासन्‌तास घासत बसायचे. पीठ मळायच्या परातीपर्यंत पिवळट धूळ जायची आणि काकू कावायच्या, “अहो, हे घर आहे की कारखाना? जन्मभर तेच केलंत, आता तरी पुरे करा की!”

“हे शेवटचं,” काका म्हणायचे.

“मागचंही शेवटचंच होतं.”

पण माझ्या बाबतीत ते खरं होतं. का, ते सांगतो.

मी टेबलावर येण्याच्या आदल्या आठवड्यात एक बाई दारात आल्या होत्या. तुमच्याच बाई, इतिहास शिकवतात त्या. त्यांचे बाबा याच जातीच्या विमानावर शिकवायचे. हँगरात त्यांना सर म्हणत. बाई सात वर्षांच्या असताना सत्तेचाळीस नंबरचं विमान पडलं. सर गेले आणि पुढच्या खुर्चीतला एकोणीस वर्षांचा शिकाऊ मुलगाही गेला. चौकशी झाली, निकाल लागला : प्रशिक्षकाची चूक, विमान फार खाली आणलं. त्या मुलाची आई बाईंच्या घराच्या दाराशी येऊन ओरडली होती, “तुमच्या माणसाने माझं लेकरू खाल्लं!” सात वर्षांच्या बाई दाराआड उभ्या राहून ते ऐकत होत्या. विमानतळाच्या फाटकाशी एक दगड आहे, कामावर असताना गेलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत. त्या मुलाचं नाव आहे. सरांचं नाही.

“काका, तुम्ही मॉडेलं करता असं कळलं,” बाई म्हणाल्या. “मला बाबांचं विमान करून द्याल? तोच नंबर घाला. माझ्या आईने रागाच्या भरात त्यांचे फोटोसुद्धा जाळले. माझ्याकडे त्यांचं म्हणून दाखवायला काही नाही हो.”

काकांनी त्यांना आत बोलावून टेबलाशी खुर्ची दिली. मग म्हणाले, “देतो.”

आता हे सगळं मला कसं ठाऊक? तर काका माझ्याशी बोलायचे. काकू शेजारी गेल्या की मला एका हातात धरून, ब्रश खाली ठेवून, तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे. “बेटा, तुझ्या बाबांची चूक नव्हती. चूक माझी होती.” कधी आवाज चिरकायचा, कधी ‘बेटा’च्या पुढे गाडी जायची नाही. मग उरलेलं मला सांगायचे.

झालं होतं असं. त्या दिवशी काका सत्तेचाळीसच्या शेपटीत हात घालून बसले होते. शेपटीला आडव्या पट्ट्या असतात, त्या हलल्या की विमानाचं नाक वर-खाली होतं. त्या पट्ट्यांच्या दांड्याला एक बोल्ट असतो आणि बोल्टला नट. काकांनी बोल्ट आत सरकवला, नट हातात घेतला, तेवढ्यात सर धावत आले. “अहो मोजणी, फोरमन झालात की! आत्ताच कागद बघितला. उतरा खाली, हात मिळवा आधी!” काका खाली उतरले. हात मोकळा हवा म्हणून नट डांगरीच्या, म्हणजे अंगातल्या कामाच्या पोशाखाच्या, खिशात टाकला. सरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून हलवला. मग बाकीचे आले, पाठीवर थापा पडल्या, चहा झाला. काका आनंदात परत वर चढले, झाकण बसवलं, हत्यारं तीनदा मोजली. हत्यारं बरोबर भरली. नट काही हत्यार नव्हे, तो कोण मोजणार? तपासायला आलेल्याने झाकण उघडलंसुद्धा नाही. “मोजणीने लावलंय म्हणजे लावलंय,” म्हणाला आणि सही ठोकून मोकळा झाला.

दुपारी सर त्या पोराला घेऊन वर गेले. धक्क्यांनी बोल्ट निसटला असणार. नाक खाली गेलं ते पुन्हा वर आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाल्यांना काका म्हणाले, सगळं ठाकठीक लावलं होतं. तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं, खोटं बोलले नाहीत. चौथ्या दिवशी काकूंनी डांगरी धुवायला काढली. “हे बघा तुमचं काय ते, बादलीत खुळखुळत होतं,” म्हणून नट टेबलावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार! चौकशी त्यानंतर महिनाभर चालली, मित्रांनो. महिनाभर! कुठल्याही सकाळी उठून जाता आलं असतं. काका रोज डांगरी चढवायचे, फोरमनच्या खुर्चीत बसायचे आणि उद्या सांगू म्हणायचे. निकाल लागला तेव्हा त्यांची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. त्या दिवसापासून त्यांनी कुणाशी हात म्हणून मिळवला नाही. लोक म्हणायचे, फोरमन झाला आणि शिष्ट झाला.

मला राग येतो त्यांचा. ज्यांनी मला घडवलं त्यांच्यावर रागवावं का? पण येतो.

तर नाकातल्या वजनाची गोष्ट. माझ्यासारख्या नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं मागचं अंग जड असतं. दोन्ही बाजू चिकटवण्याआधी नाकात वजन भरलं नाही, तर विमान शेपटीवर बसतं आणि पुढचं चाक हवेत लटकतं. त्याहून मोठी फजिती नाही. बहुतेक जण शिशाचे मणी भरतात. काकांनीही मणी घेतले, पण पुरते भरले नाहीत. कपाटाच्या तळातून एक डबी काढली. त्यात तो नट होता, बावीस वर्षं जपलेला. एका कागदाच्या चिठोऱ्यावर त्यांनी सरांचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं : हा नट सत्तेचाळीसचा. मी लावायचा विसरलो आणि नंतर गप्प बसलो. सरांची चूक नाही. खाली सही. चिठ्ठीत नट गुंडाळला, माझ्या नाकात बसवला, वरून गोंद सोडला आणि दोन्ही बाजू घट्ट दाबून धरल्या. अंगठे पांढरे पडेपर्यंत धरल्या. मग मला चाकांवर उभं केलं. मी नीट उभा राहिलो.

“तू पोचव आता,” काका म्हणाले.

वा रे वा! ज्याला तोंड आहे त्याने गप्प बसायचं आणि ज्याला नाही त्याने निरोप पोचवायचा!

बाई मला न्यायला आल्या. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. “काका, कसे आभार मानू?” म्हणून त्यांनी हात पुढे केला. काकांनी मला दोन्ही हातांत धरून ठेवलं, सोडलंच नाही. ओठ हलले. “बेटा,” म्हणाले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोला, बोला की! काका म्हणाले, “बेटा, याच्या नाकाकडे लक्ष असू दे.”

“डोळ्यांत तेल घालून जपीन,” बाई म्हणाल्या.

चार महिन्यांनी काका गेले.

बाईंनी शब्द पाळला. घरी धूळ बसते म्हणून मला शाळेत काचेच्या कपाटात आणलं. कुणाला हात लावू देत नाहीत. पुसतात त्यासुद्धा मऊ ब्रशने. एकदा तुमच्यातल्याच एका शहाण्याने विचारलं, “बाई, हे विमान तुमच्या बाबांनी पाडलं ना?” बाई शांतपणे म्हणाल्या, “हो रे. चूक झाली त्यांच्या हातून. चूक माणसाकडूनच होते.” आणि ब्रश फिरवत राहिल्या. त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. माझ्या नाकात दोन बोटांवर खरी गोष्ट होती आणि बाई आपल्या बापाला माफ करत होत्या, न केलेल्या चुकीबद्दल!

वर्षं गेली. रेझिनला लावलेला गोंद जुना झाला की ठिसूळ होतो. या उन्हाळ्यात माझ्या नाकाचा सांधा कुरकुरला आणि केसाएवढी फट पडली. आनंदाने मी वेडा व्हायचा बाकी होतो. आणखी दोन उन्हाळे, मग नाक आपोआप उघडणार!

पण बाईंचं लक्ष होतं ना नाकाकडे. त्यांनी फट बघितली. मला घरी नेलं, खिडकीशी बसल्या, चष्मा चढवला आणि सुईच्या टोकाने फटीत ताजा गोंद सोडला. थेंबभर, मग आणखी थेंबभर. बाजू दाबून धरल्या, अगदी काकांसारख्या, अंगठे पांढरे पडेपर्यंत. वर लांबी, वर पिवळा रंग. फुंकर घालून म्हणाल्या, “आता कसं! काका सांगून गेले होते, नाकाकडे लक्ष असू दे म्हणून.”

आता मी पहिल्यापेक्षा पक्का आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगतो, मला जपू नका. खरं बोलायचं असेल तर वेळेवर, तोंडाने बोला. वस्तूच्या पोटात घालून ठेवू नका, आम्हाला बोलता येत नाही आणि आमच्यावर प्रेम करणारे आम्हाला उघडत नाहीत.

दर शनिवारी कपाट पुसायला उघडतात. तुमच्यात धडपडे काही कमी नाहीत, कुणाचं तरी कोपर लागू द्या. ओरडा बसेल, कदाचित मारही बसेल. बाई रडतील, त्यांना थोडं रडू द्या. पण तुकडे लगेच झाडून टाकू नका. करड्या मण्यांमध्ये कागदात गुंडाळलेलं काहीतरी असेल. ते तुम्ही उघडू नका. ते बाईंच्या हातात द्या. त्यावर त्यांच्या बाबांचं नाव आहे.